या वेळी तुम्ही दोघंच निघा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू विचारलंस, "काय काय बघून झालं?" मला चटकन सांगता येईना. कारण इथे बँकॉकमध्ये आम्ही दुपारभर पडदे ओढून झोपतो. मार्चअखेरचं ऊन आहे. आपल्या सांगलीसारखं कोरडं नाही, कोकणातल्यासारखं दमट, अंगाला चिकटणारं. अकरा वाजले की रस्त्यावर उभं राहवत नाही. म्हणून सकाळी लवकर बाहेर पडायचं, दुपार खोलीत काढायची आणि उन्हं कलली की नदीवर जायचं. तुझे जावई पहिल्या दुपारी आडवे झाले ते दिवेलागणीलाच उठले. फोन नाही, रात्रपाळी नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. त्यांना इतकं शांत झोपलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते झोपलेले असताना मला सारखी तुमची आठवण येत राहिली, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

तुम्ही दोघं, फक्त दोघं, कधी कुठे गेलात? लग्नानंतर महाबळेश्वर ठरलं होतं, ते आत्याच्या लग्नामुळे राहिलं, हे मी लहानपणापासून ऐकतेय. पुढे अष्टविनायक झाले, तिरुपती झालं, पण दर वेळी गाडीत आजी, काका-काकू आणि आम्ही पोरं. बाबा, तुम्ही सगळ्यांची तिकिटं सांभाळायचात. आई, तुझ्याकडे दशम्यांचा डबा आणि सगळ्यांची औषधं. घरी परतल्यावर सगळ्यांत दमलेले तुम्ही दोघंच असायचात. आता आम्ही आपापल्या घरी आहोत. मला मनापासून वाटतं, येत्या डिसेंबरात तुम्ही इथे यावं, आणि दोघांनीच यावं. आम्हीही सोबत नको.

म्हणूनच इथलं प्रत्येक ठिकाण मी बाबांचे गुडघे आणि आईचं पथ्य मनात धरून बघतेय.

सगळ्यांत आधी नदी, कारण या शहरातलं सुख तिच्यावरच आहे. चाओ फ्राया चांगली रुंद आहे आणि तिच्यावरून दिवसभर प्रवासी होड्या धावतात. आकाशरेल्वेनं, म्हणजे उंच खांबांवरून धावणाऱ्या इथल्या मेट्रोनं, सफान ताक्सिन स्टेशनला उतरलं की समोरच साथोर्न धक्का. रोजच्या वापरातली नारिंगी झेंड्याची होडी स्वस्त आहे, पण ती धक्क्याला क्षणभर टेकते, शिट्टी वाजते आणि लगेच सुटते. बाबा, तुम्ही त्या घाईत पडू नका. पर्यटकांची होडी थोडी महाग असली तरी तीच घ्या, तिथे सावकाश चढता येतं. आकाशरेल्वेच्याही प्रत्येक दारापाशी सरकता जिना नसतो, तेव्हा लिफ्ट कुठे आहे ते आधी विचारायचं.

नदीच्या पलीकडे वट अरुण. वट म्हणजे इथलं बौद्ध मंदिर. हा अरुण म्हणजे आपल्या सूर्याचा सारथी. उंच मनोऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून फुलं काढली आहेत, आणि ती जवळून बघण्यासारखी आहेत. पण वर जाणाऱ्या पायऱ्या फार उभ्या आहेत. तुम्ही खालच्या अंगणातच बसा. नाहीतर अलीकडच्या काठावर चहा घेत बसा, संध्याकाळी मनोऱ्यावर दिवे लागतात ते तिथून जास्त छान दिसतात. आम्ही तिथे गप्प बसून होतो. घरी आम्हाला एकमेकांशेजारी असं बसायला होतच नाही. आलं-गेलं, जेवलात का, दार लावलं का, एवढंच बोलणं होतं.

बाबा, तुमच्यासाठी खास म्हणजे राजवाड्याच्या आवारातलं वट फ्रा केओ. पहिल्या रामानं 1782 मध्ये इथे राजधानी आणली. या घराण्यातल्या राजांना रामच म्हणतात, सध्याचे दहावे. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये त्यांचं रामायण, म्हणजे रामकिएन, 178 चित्रांमध्ये रंगवलंय. रावणाचं नाव तोसकंठ, म्हणजे आपला दशकंठ. हनुमान पांढराशुभ्र आहे, आणि इथे तो ब्रह्मचारी नाही! सेतू बांधताना रावणाची मुलगी, एक मत्स्यकन्या, आडवी येते आणि त्याचं तिच्यावर प्रेम जडतं. तुम्ही दर रामनवमीला पारायण करता, तुम्ही या भिंतींपुढे तासन् तास रमाल याची मला खात्री आहे. सावली आहे, सपाट फरशी आहे. फक्त दार उघडताच आत शिरा, नंतर गर्दी होते. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा आईची साडी उत्तम.

तिथून जवळच वट फो. निजलेल्या बुद्धाची मूर्ती 46 मीटर लांब आहे आणि तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात 108 शुभचिन्हं आहेत. इथेच पारंपरिक थाई मालिशची शाळा आहे. ही विद्या हे लोक बुद्धाचा वैद्य जीवक याच्यापर्यंत नेतात, म्हणजे आपल्या मगधापर्यंत. 2019 मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीच्या वारशात घेतलं. आई, संकोच करू नकोस. अंगभर सैल सुती कपडे देतात, तेल लावत नाहीत, खाली गादीवर निजवून हळूहळू दाबतात आणि ताणतात. जोर जास्त वाटला तर "बाओ बाओ" म्हणायचं, हात लगेच हलका होतो. इतकी वर्षं तू सगळ्यांचे पाय चेपलेस. तुझे पाय कुणीतरी तासभर चेपावेत, असं मला फार वाटतं. मात्र आधी तुझ्या रक्तदाबाबद्दल डॉक्टरांना विचारू.

जेवणाची काळजी मलाही होती, कारण इथे भाजीतसुद्धा माशांचा रस घालतात. पण पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की ते 'जे' जेवण. त्यात मांस, मासे, अंडी नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. म्हणजे तुझ्या चातुर्मासाच्या नेमातही बसेल. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मिळतो, तो तुझ्या नारळीभाताचा लांबचा भाऊ वाटतो. तो मात्र खाच, आंबा डिसेंबरातही मिळतो. शहाळी कोपऱ्याकोपऱ्यावर. आणि सिलोम रस्त्यावर तमिळ लोकांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे. गणपतीला हार घालणाऱ्यांत मला थाई माणसंच जास्त दिसली. तुझी चतुर्थी इथेही चुकायची नाही.

संध्याकाळी लुम्फिनी बागेत जा, तळ्याकाठी मोठाल्या घोरपडी निवांत पडलेल्या असतात. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं, पळणारे, चालणारे सगळे जागच्या जागी थांबतात आणि ते संपलं की पुन्हा चालू लागतात. बाबा, तुम्हाला ही शिस्त आवडेल.

डिसेंबर-जानेवारीत हवा इथल्या मानानं बरी असते. मुंबईहून थेट विमानानं साडेचार तासांच्या आसपास लागतात, आणि बाबांसाठी चाकांची खुर्ची आधी सांगून ठेवता येते. तुळशीला पाणी आणि दूधवाल्याचं मी शेजारच्या काकूंशी बोलेन. खर्चाचं म्हणाल तर तुमच्या ठेवींना हात लावायचा नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलंय. बाबा, यावर वाद घालू नका. हे मला करू द्या.

दादाकडे जाण्यासाठी काढलेले पासपोर्ट कपाटातल्या वरच्या खणात आहेत. प्रवासाच्या दिवशी सहा महिन्यांहून जास्त मुदत उरलेली लागते, तेव्हा तारखा बघून मला लगेच कळवा. नूतनीकरण करायचं असेल तर मी पुढच्या आठवड्यात सांगलीला येऊन अर्ज भरते.

तुमची लेक