घरगुती बैठकीतही मानधन द्या

मा. संपादक,

पुण्या-मुंबईत लोक परत घरात गाण्याच्या बैठका करायला लागलेत, फार बरं वाटतं बघून. माईक नाही, स्टेज नाही, कलाकार अगदी समोर सतरंजीवर, तानपुरे जुळले की खोलीभर जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, घुमते आणि तबल्याच्या डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली घुमक सुद्धा नीट ऐकू येते, मोठ्या हॉलमध्ये स्पीकरमधून तिची नुसती धपधप होते. शिवाय सकाळचे राग! बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी, मग ललत, तोडी समोर बसून ऐकणार कधी? रविवारी सकाळी ७ वाजता घरी बैठक ठेवली की जमतं.

पण "घरचंच तर आहे" म्हणून शाल-श्रीफळ आणि जेवणावर कलाकाराची बोळवण करू नका हो. सोबत तबलजी असतो, पेटीवाले असतात, सगळ्यांचं पोट यावरच आहे. २५ जणांनी ४०० रुपये काढले तरी १० हजार होतात, आकडा आधीच फोनवर ठरवा. मोबाईलवर रेकॉर्डिंग विचारूनच करा. आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, खरं तर बोलवाच.

- एक श्रोता, ठाणे