मुलाची रायफल आणि तुझा सल्ला

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, सकाळ

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. माझी साखर आटोक्यात आहे आणि हिच्या गुडघ्याचे नेहमीचेच चालू आहे. थेट मुद्द्यावर येतो, कारण हा विषय घरात काढला की सगळे उठून जातात आणि तुझ्याखेरीज तो नीट समजेल असा माणूस माझ्या ओळखीत उरलेला नाही.

निखिल रायफल घेतो आहे. ग्रीन कार्ड झाल्यामुळे त्याला ती कायदेशीरपणे घेता येते. पेनसिल्व्हेनियात त्याच्या घराजवळ एक क्लब आहे आणि तिथे २५ व ५० यार्डांवर कागदाच्या टार्गेटवर नेमबाजी चालते. त्याने लिहिले आहे, ‘बाबा, तुम्ही आणि सदाकाका ज्यावर शिकलात तीच पॉइंट टू टू (.२२ कॅलिबरची) हवी आहे, पण लिव्हरची. ४०० डॉलरच्या आसपास बसेल अशी कोणती घेऊ?’ माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या विद्येतले काही मला विचारले आहे, आणि ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसरे काही नाही.

तू लगेच म्हणशील की चापाखालची कडी ओढून भरायची लिव्हर कशाला, त्याला बाजूची मूठ मागेपुढे करून भरायची बोल्टची घ्यायला सांग. नुसता ग्रुप, म्हणजे भोके किती जवळजवळ पडतात ते, पाहायचा असेल तर तुझे म्हणणे खरे आहे. त्याच पैशात बोल्टची रायफल बहुधा अधिक अचूक मिळते आणि तिचा चापही सुधारता येतो. शिवाय आडवे पडून नेम धरताना लिव्हर खाली उघडावी लागते आणि ती जमिनीला अडते. तुला तर आडवी पोझिशन इतकी प्रिय होती की देवळालीच्या एनसीसी कॅम्पात हवालदारसाहेबांनी तू झोपला आहेस असे समजून तुझ्या बुटावर काठी मारली होती. पण निखिलला स्पर्धेत उतरायचे नाही. त्याला सुट्टीच्या सकाळी उभे राहून किंवा बाकावर हात टेकवून नेमबाजीचा आनंद घ्यायचा आहे, आणि त्या कामाला लिव्हरइतकी गोड चालणारी यंत्रणा दुसरी नाही. तू लिव्हरला नेहमी तमाशा म्हणत आलास, म्हणून सांगतो की बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये ज्या लिव्हर रायफलीचे पेटंट घेतले, तिचे .४४ काडतूस रिमफायरच, म्हणजे पेंदाच्या कडेवर घाव बसून पेटणारे होते. लिव्हर आणि रिमफायर यांची सोयरीक आपल्या पॉइंट टू टू लाँग रायफल काडतुसाच्याही आधीची आहे. ते १८८७ चे.

माझे मन मार्लिन कंपनीच्या ३९ए या लिव्हर रायफलीवर आहे, हे तुला सांगायला नको. घडीव पोलादाची बॉडी, आणि एक मोठा स्क्रू सोडवला की रायफलीचे दोन भाग होऊन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या घराच्या, बाजूने नळी पुसता येते. ते घराणे १८९१ च्या मॉडेलपासूनचे आहे. परंतु २०२० मध्ये मार्लिन रूगर कंपनीकडे गेली आणि चांगल्या स्थितीतली जुनी ३९ए आज निखिलच्या रकमेत येत नाही. विंचेस्टर ९४२२ चेही तेच. १९७२ ते २००५ एवढीच ती बनली आणि आता हौशी संग्राहक तिला सोडत नाहीत. ब्राउनिंगची बीएल-२२ जपानमध्ये मिरोकू बनवते. तिची लिव्हर केवळ ३३ अंश फिरते आणि चाप लिव्हरबरोबरच खाली जातो, त्यामुळे बोट मध्ये सापडत नाही. सुरेख वस्तू आहे, पण तीही रकमेच्या बरीच वर जाते.

म्हणजे उरल्या दोन: हेन्री कंपनीची साधी एच००१ आणि ब्राझीलची रॉसी रिओ ब्राव्हो, जी हेन्रीहून थोडी स्वस्त पडते. निखिलचा जीव मात्र हेन्रीच्याच गोल्डन बॉयवर जडला आहे, कारण ती सोन्यासारखी चमकते. मी त्याला स्पष्ट लिहिले की ते पितळ नव्हे, मिश्रधातूवरचा मुलामा आहे. तिची अष्टकोनी नळी २० इंची आहे आणि वजन ३ किलोंच्या वर जाते. एच००१ जेमतेम २.४ किलोंची, म्हणजे आपल्या एनसीसीच्या रायफलीहूनही हलकी. शिवाय तिच्या बॉडीवर दुर्बीण बसवायची खाच तयार असते. आज निखिलला नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायची खूण) स्पष्ट दिसते, पण चाळिशीनंतर डोळ्यांचे काय होते ते तुला आणि मला पक्के ठाऊक आहे.

तू एच००१ वरही आक्षेप घेणार, तोही मी ऐकू शकतो: बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे आणि वर रंगवलेले आवरण आहे. मान्य. मलाही हातात पोलादच हवे असते. परंतु नळी आणि बोल्ट पोलादी आहेत, काडतूस लहान आहे आणि १९९७ पासून ही रायफल बनते आहे. कागदावर भोके पाडण्यासाठी तिच्याकडून याहून अधिक मागू नये, असे माझे मत झाले आहे. वाचलेले पैसे काडतुसांवर खर्च करावेत, असे मी त्याला आग्रहाने सांगितले. सेकंदाला सुमारे ३२५ मीटर जाणारी, आवाजाच्या वेगाखाली राहणारी चार-पाच वेगवेगळ्या कारखान्यांची काडतुसे आणावीत आणि आपल्या नळीला कोणती मानवते ते ५० यार्डांवर स्वतः पाहावे. त्याच .२२ लाँग रायफल जातीच्या काडतुसावर तुमच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशन नेमबाजीचे कांस्य घेतले, हे त्या काडतुसाला क्षुल्लक समजणाऱ्या माझ्या व्याह्यांना मी ऐकवले आहे.

आता माझी खरी काळजी, ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे. नात इरा नऊ वर्षांची आहे आणि निखिल तिलाही शिकवणार आहे. हेन्रीला सेफ्टीचे बटण नाही. घोडा (काडतूस पेटवण्यासाठी आपटणारी हातोडी) उघडा आहे आणि तो पाव अंतरावर अडकवून ठेवणे हीच तिची सुरक्षा; तिथे आणण्यासाठी भरल्या काडतुसावर घोडा अंगठ्याने हळूच सोडावा लागतो. लहान, घामेजलेल्या अंगठ्याने तो निसटला तर? रॉसीला आडवे बटण आहे. शिवाय दोन्हींचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा साठा, नळीखालच्या नळीत. रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला पेंदाच्या कडेत असल्यामुळे गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या पेंदावर टेकले तरी भय नाही. परंतु एच००१ मध्ये १५ काडतुसे मावतात आणि ‘संपली’ असे वाटत असताना एखादे आत राहिलेले डोळ्याला दिसत नाही. भरतानाही आतली नळी पुढून वर ओढावी लागते, म्हणजे हात आणि चेहरा रायफलीच्या तोंडाजवळ येतात.

मी त्याला लिहिले की इरासाठी एका वेळी एकच काडतूस, भरायचे त्यानेच. घोडा खाली सोडायची वेळच येऊ देऊ नये. थांबायचे असेल तर लिव्हर उघडी. आणि शेवटी आतली नळी बाहेर काढून, लिव्हर अनेकदा चालवून, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासायचे. बटणाने मूल बेफिकीर होते, हे तुझेच वाक्य, आणि त्यावरून आपण अख्खा पावसाळा भांडलो होतो. तेव्हा मी बटणाच्या बाजूने होतो. आज मी हेन्रीकडे झुकलो आहे, पण नातीच्या बाबतीत मनाचा निश्चय होत नाही. तू इतकी वर्षे कॅडेटांच्या हाती रायफली दिल्यास; या वयाच्या मुलीला उघड्या घोड्याची रायफल द्यावी का, एवढेच मला तुझ्याकडून हवे आहे. एच००१ ची मुलांसाठीची आखूड आवृत्तीही आहे, सुमारे २ किलोंची आणि दस्ता इंचभर लहान. पण ती निखिलच्या खांद्याला येणार नाही आणि दोन घेण्याइतके पैसे नाहीत.

मे महिन्यात आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत, पण मला ती रायफल हातात धरता येणार नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला तिथे बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. निखिल म्हणतो, ‘काढून टाकू परवाना, शिकार कोण करतो आहे?’ गंगापूर धरणाच्या काठी आपण जे ठरवले होते ते तुला आठवते आहे. माझ्या नावाने शिकारीचा परवाना निघणार नाही. मी मागे उभा राहून दुर्बिणीतून इराचे ग्रुप पाहीन आणि तिचा श्वास कुठे चुकतो ते सांगीन. इथे नाशकात तर एअर रायफलीवरच समाधान आहे. आपल्याकडे पॉइंट टू टूलाही परवाना लागतो आणि बाहेरची लिव्हर रायफल साध्या माणसाच्या हाती येण्याचा मार्ग नाही. म्हणून निवड तरी बिनचूक व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

तुझ्या त्या टार्गेटविषयी पुन्हा विचारतो: गोळ्या पाच आणि भोके सहा, हे झाले कसे? दिघ्याने तुझ्या कागदावर गोळी मारली हे मी अजूनही मानत नाही.

मंजूचे लग्न ठरल्याचे कळले. फार आनंद झाला, तारीख कळव. वहिनींच्या डोळ्यांचे ऑपरेशन नीट झाले ना? बागेचा वाद मिटला का?

निखिल येत्या शनिवारी दुकानात जाणार आहे. तू शुक्रवारपर्यंत फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल. हेन्री की रॉसी, आणि इराच्या हाती कधी द्यायची, या दोन्हींवर स्पष्ट बोल. तू रॉसी म्हणालास तर मी निखिलला तसेच कळवीन.

तुझा,
वसंत