तो गाठीचा स्लाईड काढून टाक

सई बाळा,

तुझं प्रेझेंटेशन बघितलं, फोटो तर झकास निवडलेयस, पण शेवटच्या स्लाईडवर अडले. जपानची ओबी, म्हणजे किमोनोवरचा कमरपट्टा, आणि जमैकाची ओबी, म्हणजे तिथल्या गुलामांचं मंत्रतंत्र, एकीकडे गाठ बांधतात दुसरीकडे मंतरतात, म्हणून दोन्हीचं मूळ एकच? अगं तारखा तरी बघायच्यास. जमैकात ओबीवर कायद्याने बंदी आली १७६० ला, तेव्हा जपानचे दरवाजे जवळपास बंद, युरोपातल्यांपैकी फक्त डच, तेही नागासाकीजवळच्या देजिमा बेटापुरते, मग किमोनोचा पट्टा उसाच्या मळ्यात पोचला कसा? जमैकाचं नाव पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांबरोबर आलं, आता ओबिया म्हणतात, जुन्या इंग्रजी पुस्तकांत ओबी छापायचे. निव्वळ योगायोग आहे गं.

जपानचा भाग मात्र फार उरकलायस. चार मीटरच्या वर लांब, तीसेक सेंटीमीटर रुंद, क्योटोच्या निशिजिनमध्ये विणलेली ओबी कितीदा किमोनोपेक्षा महाग पडते आणि तिकडे म्हणतातच, एका किमोनोला तीन ओबी. (आपल्याकडे एका पैठणीवर किती ब्लाऊज शिवतो तसंच झालं!) पाठीवरची ती चौकोनी ताइको गाठ एदोतल्या (म्हणजे जुन्या टोकियोतल्या) गेशांनी कामेइदो तेंजिन देवळाच्या कमानी पुलावरून उचलली असं सांगतात, हे घाल की.

आणि दुसऱ्या भागाला 'काळी जादू' हे हेडिंग नको, प्लीज. ते मळेवाल्यांचं बोलणं झालं. ओबियावाले जडीबुटी द्यायचे, रोग बघायचे, संरक्षणाचे ताईत करायचे, कुणाचं वाईट करायलाही लोक त्यांच्याकडे जायचे, सगळंच होतं त्यात. १७६० च्या टॅकीच्या बंडात, म्हणजे जमैकातल्या गुलामांच्या उठावात, एका ओबियावाल्याने बंडवाल्यांना गोळी लागू नये म्हणून पूड दिली म्हणे, त्याला पकडून फाशी दिलं, आणि लगेच कायदा आला. त्यात बंदी घातलेल्या सामानाची यादी वाच: रक्त, पिसं, पोपटाच्या चोची, कुत्र्याचे नि मगरीचे दात, फुटक्या बाटल्या, थडग्याची माती, रम, अंड्याची टरफलं. टरफलांना घाबरणारं सरकार! आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूंपासून लोकांना वाचवायला झाला, जमैकाचा तो मालकांना गुलामांपासून वाचवायला, एवढा फरक तुझ्या सरांना नक्की सांग. जमैकात १८९८ चा ओबियाविरोधी कायदा अजून पुस्तकात आहे, बार्बाडोसने मात्र १९९८ ला गुन्हा म्हणणं सोडलं.

तर गाठीचा स्लाईड काढ, त्या जागी ही यादी टाक, मोठ्या अक्षरात. दोन भाग वेगवेगळे राहिले तरी चालतील, उगाच जोडू नकोस. रविवारी फोन कर, बाबा विचारत होते तुझी परीक्षा कधीपासून आहे ते.

तुझी आई