झेरॉक्सवाल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

आईच्या वर्षश्राद्धाहून परतताना आम्हा भावंडांनी तिचा फोटो उतरवलेला एकेक कागद सोबत नेला. ते तुमच्यामुळे जमलं. त्या दिवशी अप्पा बळवंत चौकातल्या तुमच्या दुकानात पुस्तकं-नोट्सवाल्या मुलांची ही गर्दी, त्यात नीट बोलता आलं नाही. म्हणून इथे, चारचौघांत लिहिते आहे.

फोटो 1984 चा. आई ओसरीवर गोधडी शिवत बसलीय. त्या काळच्या रंगीत फोटोंमधला निळसर रंग आधी उडतो आणि फोटो लालसर होत जातो, तसाच हाही झाला होता. मला तो शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेच्या जाड कागदावर उतरवून हवा होता. तो कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा. आईने जन्मभर चिंध्या जोडून आम्हाला पांघरुणं दिली, तिला दुसरा कागद मला चाललाच नसता.

त्यासाठी लेझरचीच प्रत लागते. टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड, उष्णतेने कागदावर चिकटवलेली. थिनर लागला की ती सैल होते आणि दाबून दुसऱ्या कागदावर घेता येते. आधीच्या दुकानांत मी एवढंच सांगू पाहत होते, पण वाक्य पुरं होऊ द्यायलाही कुणाला सवड नव्हती. एका स्टुडिओने तर विचारल्यावर लेझर म्हणून सांगून इंकजेटचा, म्हणजे पातळ शाईचा, प्रिंट गळ्यात मारला. वर मूळ फोटोच्या पाठीवर बॉलपेनने बिलाचा नंबर टाकला, तोही इतका दाबून, की पुढच्या बाजूला आईच्या कपाळावर वळ उठला. तो आता कायमचा. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही फोटो कडांना धरून हातात घेतलात आणि म्हणालात, "उतरवायचाय ना? मग उलटा काढायला हवा." आरशातल्यासारखी उलटी प्रत काढली तरच दाबून उतरवल्यावर फोटो सुलटा येतो, हे तुम्हाला न सांगता कळलं होतं. मला तिथेच हायसं वाटलं. मग मशीनवर लाल कमी करत, पुन्हा पुन्हा प्रत काढत राहिलात. मागची रांग कुरकुरत होती, तुम्ही तिकडे पाहिलंही नाहीत.

पण मला सांगायचंय ते बिघडलेल्या प्रतींचं. तुमच्याकडचा मुलगा सवयीने एक प्रत चुरगाळून टोपलीत टाकायला निघाला. तुम्ही ती त्याच्या हातातून घेतलीत, काउंटरवर ठेवून तळहाताने सपाट केलीत. "माणसाचा चेहरा आहे रे, टोपलीत नाही टाकायचा," एवढंच म्हणालात, आवाज न चढवता. त्या सगळ्या प्रती पाकिटात घालून माझ्याकडे दिल्यात. "आधी यांच्यावर हात बसवा, मग चांगलीला हात लावा."

काका, त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते. तुम्ही आईला कधी पाहिलं नव्हतं, मी तुमची नेहमीची गिऱ्हाईक नव्हते. परक्याच्या घरचं माणूस कागदावर जरी समोर आलं तरी त्याचा मान ठेवायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल त्यांनाही माझा नमस्कार सांगा. असं वागायला ना पैसा लागतो, ना मोठी जागा. तुमच्या दुकानात तर दोन माणसं धड उभी राहत नाहीत.

त्या प्रतींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. कागद, टोनर तुमचाच गेला आणि वेळही. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला येणं आहे, तेव्हा मात्र नको म्हणू नका.

तुमची,
गोधडीच्या फोटोवाली ताई