थर्मामीटर उशाशी ठेव

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जुलै

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री "मरेन, पण त्या कॅज्युअल्टीत पुन्हा पाय ठेवणार नाही," असे म्हणून तू फोन ठेवलास. रागावू नकोस, असे तुझ्या बाबांनी मला बजावले आहे, म्हणून फोन न करता लिहिते आहे.

हाडे पिळवटून निघत असताना "नाडी ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे, मग इंजेक्शनची सवय लागली आहे का?" असे त्या डॉक्टरांनी विचारावे, हे ऐकून माझ्या अंगाची आग झाली. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की होणारी वेदना कोणत्याही यंत्रावर उमटत नाही. रुग्ण सांगेल त्यावरच विश्वास ठेवावा लागतो. तशा अवस्थेत तू त्यांना कागदावर पेशीची आकृती काढून दाखवलीस, हे मी बाबांना दोनदा सांगितले. आपण चंद्रपूरला होतो तेव्हा नर्सबाई तुझा चेहरा पाहूनच सलाईनची तयारी करीत. इथे कोल्हापुरात आल्यावर पहिल्याच दवाखान्यात आडनाव विचारून "हा तुमच्याकडच्या लोकांचा आजार" असे ऐकवले गेले होते.

तरीही ताप आला किंवा छातीत दुखू लागले तर जा, मुक्ता. जंतुसंसर्गाशी लढणारी तुझी प्लीहा लहानपणीच निकामी झाली आहे, त्यामुळे साधा ताप अंगावर काढणे तुला परवडणारे नाही, आणि छातीतले दुखणे काही तासांत बिघडते. हायड्रॉक्सियुरियाचे औषध चुकवू नकोस, पाणी भरपूर पी, पावसात भिजू नकोस... पुन्हा व्याख्यान सुरू झाले, क्षमा कर.

पाचवीत असताना तू रंकाळ्यावर पावसात भिजून आलीस आणि रात्रभर पाय धरून कण्हत राहिलीस. सकाळी शाळेत मी "सांधेदुखी" असे कळवले. आत्याच्या लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून सिकलसेल हा शब्द घराबाहेर काढायचा नाही, हे मीच तुला शिकवले. आजींनी सारा दोष माझ्या माहेराला दिला. आई आणि वडील दोघांकडूनही तो जनुक आल्याशिवाय हा आजार होत नाही, हे बाबांनी त्यांना कधी सांगितले नाही आणि मीही गप्प राहिले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात या आजाराची नोंद आहे, तरी प्रमाणपत्र काढायला तू नकार दिलास, तेव्हा मला हायसेच वाटले होते. आज तुझ्या खोलीतल्या मुलीलाही काही ठाऊक नाही. रात्री छातीत कळ आली तर ती काय समजणार?

फाईलच्या झेरॉक्स पाठवते आहे. तुझे हिमोग्लोबिन नेहमीच ८ च्या आसपास असते आणि वेदनेत कोणते औषध किती द्यावे, हे आपल्या डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी वरच्या पानावर लिहून दिले आहे. एक प्रत त्या मुलीकडे दे. देशील ना? शनिवारी सकाळच्या एसटीने मी येते आहे. नको म्हणालीस तरी येणार. तोवर थर्मामीटर उशाशी ठेव आणि रात्री आकडा कळव, नुसता आकडा कळवलास तरी चालेल.

तुझी,
आई