यात्रेची तयारी आणि गोळ्यांचे कापलेले पाकीट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अक्षय्य तृतीयेला गंगोत्री आणि यमुनोत्रीची कवाडे उघडतात आणि त्याच सुमारास अंबाजोगाईतल्या माझ्या मेडिकलवर एक ठरावीक प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागते. यात्रेची बस रात्री आठला सुटणार असते, गृहस्थ साडेसहाला येतात आणि म्हणतात, "चारधामला निघालोय, उलटीच्या, जुलाबाच्या, तापाच्या आणि गुडघ्याच्या गोळ्या बांधून द्या." बसमधली जागा, गरम कपडे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी यांची तजवीज दोन महिने आधीपासून झालेली असते. प्रकृतीचा विचार मात्र गाडी सुटायच्या दीड तास आधी, काउंटरवर उभ्या उभ्या उरकला जातो. तीस वर्षे मी हे पाहत आलो आहे आणि यात दुकानदार म्हणून माझाही दोष आहे, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी माझी आई गावातल्या बायकांबरोबर याच यात्रेला गेली. तिला रक्तदाब आणि हृदयाचा त्रास असल्याने रोज सकाळी लघवीची गोळी, म्हणजे शरीरात साठणारे पाणी बाहेर काढणारी गोळी चालू होती. बस तीन-तीन, चार-चार तास थांबत नाही आणि थांबली तरी बाईमाणसाला आडोसा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे त्या बायकांनी आपसांत ठरवून टाकले की पाणी कमी प्यायचे आणि "ती गोळी परत आल्यावर घ्यायची". चौथ्या दिवशी ऋषिकेशला उतरेपर्यंत आईचे पाय सुजले होते आणि आडवे झाले की तिला दम लागत होता. तिथल्या डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या चालू आहेत असे विचारले, तेव्हा तिने बटव्यातून पाकिटे काढून दिली. दहा गोळ्यांच्या पाकिटातून चार-चार गोळ्या कापून दिलेल्या होत्या. ना औषधाचे नाव दिसत होते, ना मुदतीची तारीख. ती कात्री माझीच होती. मी फोनवर सापडलो म्हणून नावे सांगता आली आणि दोन दिवसांत आई सावरली. बाकीच्या बायकांपैकी कुणावर ही वेळ आली असती तर "छोटी पांढरी गोळी" यापलीकडे कुणाला काहीही सांगता आले नसते.

प्रवासात गोळी बंद करण्याचा निर्णय आपल्याकडे रुग्ण स्वतः घेतो किंवा बसमधली शेजारीण घेते, आणि डॉक्टरांना तो कधी कळतच नाही. वास्तविक आईचा प्रश्न एका भेटीत सुटण्यासारखा होता. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलून मुक्कामी पोहोचल्यावर घ्यायला डॉक्टर बहुतेकदा हरकत घेत नाहीत, पण त्यासाठी विचारावे लागते. बी.पी.च्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने सोडणे तर फारच धोक्याचे. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन प्रवास किती दिवसांचा, कुठल्या उंचीवरचा आणि कशाने होणार हे सांगितले, तर गोळ्यांच्या वेळाही ठरतात आणि एखादी तपासणी लागली तर तीही सवडीने होते. डॉक्टरांनी यंदा जाऊ नका म्हटले तरी तेव्हा पैसे परत मिळण्याची थोडीफार आशा असते. ऋषिकेशला ती नसते.

माझ्या काउंटरवरून जाणाऱ्या त्या 'बांधून दिलेल्या' गोळ्यांबद्दलही थोडे लिहितो. गुडघ्याच्या गोळ्या म्हणजे वेदनाशामके. बी.पी.ची गोळी आणि लघवीची गोळी चालू असलेल्या वयस्क माणसाने त्या वरचेवर घेतल्या आणि त्यात उन्हाने अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडांवर ताण येऊन ती निकामी होण्याची वेळ येऊ शकते. बस लागू नये म्हणून जी गोळी घेतात तिने झोप येते हे सर्वांना माहीत असते. पण प्रोस्टेटचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी तिच्यामुळे तुंबू शकते, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही. जुलाब थांबवणारी गोळी ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना घेऊ नये. जुलाबात आधी लागते ती ओ.आर.एस.ची पुडी, तीही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. मोठी पुडी बहुधा पूर्ण एक लिटरसाठी असते, ती पेलाभर पाण्यात ढवळून पिण्यात अर्थ नाही. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड पेये ओ.आर.एस. समजून नेणारेही पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओ.आर.एस.' हे शब्द छापू नयेत, असा आदेश देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला; लोकांच्या तोंडी बसलेले नाव काही आदेशाने जात नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तर मराठवाड्यातला मे महिना हीच परीक्षा आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते; वापरात असलेली सर्वसाधारणपणे चार आठवडे २५ ते ३० अंशांपर्यंत टिकते. आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो आणि उन्हात उभ्या बसच्या डिकीत त्याहूनही वर. म्हणून कुपी डिकीत टाकू नये, जवळच्या पिशवीत ठेवावी. आमच्याकडच्या खेड्यांत एक साधी युक्ती चालते: तोंडावर झाकण बसेल असे लहान मडके, बाहेरून ओले फडके, आत कोरड्या डबीत कुपी. ती मुक्कामाच्या खोलीत उपयोगी पडते. बर्फाच्या खड्यांत कुपी खुपसणारेही भेटतात; एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून पुन्हा पाण्यासारखे दिसले तरी फेकूनच द्यावे लागते.

उंचीचा विषय आपण सपाटीवरची माणसे जवळजवळ विचारात घेत नाही. लातूर जेमतेम सहाशे-साडेसहाशे मीटरवर. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरण्याताठ्या पोरालासुद्धा. डोके दुखणे, मळमळ, भोवळ ही त्याची सुरुवात असते आणि आपली मंडळी तिला पित्त किंवा जागरण समजून एक गोळी घेऊन पुढे चढत राहतात. त्रास सुरू झाला की वर जायचे नाही, आणि बसल्या जागी दम लागू लागला किंवा बोलणे बरळू लागले तर वेळ न घालवता खाली आणायचे, एवढे गटातल्या दोघांना तरी पक्के माहीत हवे. म्हाताऱ्यांसाठी हेलिकॉप्टर सोपे, असा एक समज आहे. गौरीकुंडापासूनची सोळा किलोमीटरच्या आसपासची चढण वाचते हे खरे. पण फाटा किंवा गुप्तकाशीच्या बाजूने उडालेला माणूस काही मिनिटांत दोन हजार मीटर वर पोहोचतो आणि शरीराला जुळवून घ्यायला एक रात्रही मिळत नाही. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी हेलिकॉप्टर आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, असे मला स्पष्ट वाटते. उंचीच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी आहे आणि ती मागायला लोक येतात, पण सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याला ती धार्जिणी नसते. चिठ्ठीशिवाय ती मी देत नाही, आणि इतरांनीही देऊ नये.

हे सारे हिमालयापुरतेच आहे असेही नाही. कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाणाऱ्यांत मधुमेहाचे कितीतरी जुने रुग्ण असतात. पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला तापलेल्या डांबराचा चटका कळत नाही, घरी आल्यावर पाय धुताना फोड दिसतो आणि पुढे जखम महिनोन्‌महिने भरत नाही. नवसाचा प्रश्न ज्याचा त्याचा आहे, त्यात मी पडत नाही. पण पायात जाड तळाचे बूट घालून आलेल्या भक्ताला आई भवानी परत पाठवत नाही, एवढे मी पायरीवर उभे राहून पाहिले आहे.

आईच्या प्रसंगानंतर माझ्या दुकानात एक बदल केला. यात्रेला निघालेल्या माणसाला पाकीट कापून द्यायचे नाही, आणि कापावेच लागले तर नाव व तारखेची बाजू शेवटपर्यंत गिऱ्हाइकाकडेच राहील असे कापायचे. सोबत एका कागदावर औषधांची मूळ नावे, मात्रा, वेळा आणि घरचा फोन क्रमांक मराठीत व इंग्रजीत लिहून देतो, कारण कंपनीचे नाव परराज्यात ओळखीचे असेलच असे नाही. यात माझी पाच मिनिटे जातात.

यात्रा काढणाऱ्या मंडळींना एक विनंती करायची आहे. नाव नोंदवताना तुम्ही आधार कार्डाची प्रत घेता. त्याच अर्जावर चालू असलेली औषधे आणि डॉक्टरांचा क्रमांक यांसाठी चार ओळी ठेवा. आणि बस दर दोन तासांनी, स्त्रियांसाठी स्वच्छ सोय असेल अशाच ठिकाणी थांबेल, हे छापील पत्रकात जेवणाच्या यादीच्या वर लिहा. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, त्यामुळे हे थांबे पुरुषांनाही तितकेच लागतात. यंदा गाणगापूरच्या बसमध्ये आईला बसवताना मी संयोजकांना पहिला प्रश्न थांब्यांचाच विचारला. "बघू, ड्रायव्हरला सांगतो," असे उत्तर मिळाले. मी ते लेखी मागितले आहे.

आपला,
एक औषध विक्रेता,
अंबाजोगाई (जि. बीड)